आपल्याच शहरात पाहुणे

घरातील वृद्ध माणसाचे जग एका दिवसात लहान होत नाही. आधी लालबागच्या बाजाराची फेरी थांबते. मसाला आता पाकिटातला येऊ लागतो. मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची सायंकाळची बैठक सुटते, कारण रस्ता ओलांडताना भीती वाटते. देवळात जाणे आधी संकष्टीपुरते उरते आणि पुढे तेही दूरचित्रवाणीवर भागवले जाते. शेवटी राहते ती खिडकी. यातील प्रत्येक पायरी प्रेमापोटीच आलेली असते. "बाबा, तुम्ही कशाला जाता? मी आणून देतो ना," या वाक्यात काळजीच असते. परंतु तेच वाक्य रोज ऐकणाऱ्या माणसाला हळूहळू वाटू लागते, की बाहेरच्या जगात आपले काही काम उरलेले नाही.

अशा वेळी नात्यातले कोणी स्पेनला जाऊन येते आणि माद्रिदचे दिवस वर्णन करून सांगते. सकाळी उद्यान, दुपारी संग्रहालय, सायंकाळी जुन्या खाणावळीत बसून चार घास. तेथील प्रादो हे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आणि रेतिरो हे विस्तीर्ण उद्यान एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. त्या साऱ्या परिसराला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांत स्थान दिले. चित्रे पाहून डोळे थकले की झाडाखाली जाऊन बसावे, अशी तेथील सोय. ऐकणाऱ्या आजी-आजोबांच्या मनात येते, हे दिवस आता आपले नव्हेत. माद्रिद दूर आहे, हे खरे. पण भायखळ्याला तर संग्रहालय आणि उद्यान एकाच आवारात आहेत! गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे राहणाऱ्या कुटुंबांना अशा दिवसासाठी अर्धा तास पुरतो. आपल्याच शहरात पाहुण्यासारखे हिंडावे, आणि त्या हिंडण्यात घरातील ज्येष्ठाने वाटाड्या व्हावे, एवढेच या वेळी सुचवायचे आहे.

ही चैन नव्हे, प्रकृतीची गरज आहे. पासष्टीनंतरच्या व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन वा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन आहे. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांनी झेपेल तेवढे करावे, हेही त्यात आहे. न वापरलेला स्नायू क्षीण होतो आणि क्षीण पायांचा माणूस पडण्याचा संभव वाढतो. म्हणजे पडण्याच्या भीतीने घरात बसणे हेच पडण्याचे एक कारण ठरते.

मनाचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढील सहा हजारांहून अधिक व्यक्तींचा चौदा वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालये, चित्रप्रदर्शने, नाटक, संगीताचे कार्यक्रम यांना वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका, मुळीच न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांमध्ये सुमारे ३१ टक्क्यांनी कमी. संग्रहालय पाहिल्याने आयुष्य वाढते असा याचा सरळ अर्थ काढू नये. मुळात प्रकृती बरी असलेलेच अधिक बाहेर पडतात, हेही खरे. अभ्यासकांनी उत्पन्न, आजार, एकटेपण अशा गोष्टींचा हिशेब धरूनही काही संबंध उरला, इतकेच म्हणता येते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे २०१८ पासून काही डॉक्टर रुग्णांना औषधाच्या चिठ्ठीसारखी संग्रहालयाच्या भेटीची चिठ्ठी लिहून देऊ लागले. स्पेनमध्ये तर १९८५ पासून निवृत्तांसाठी शासकीय साहाय्याने बिगरहंगामी सहली चालतात. ज्येष्ठ घराबाहेर पडतात आणि रिकाम्या हॉटेलांतील लोकांचे कामही टिकते.

आता आपल्या शहराकडे वळू. तीन अर्धे दिवस योजून पाहावेत, सलग मात्र नव्हेत. दोन फेऱ्यांमध्ये आठवडा-पंधरवडा गेला तरी चालेल. एका दिवसाचे माप असे: एक पाहण्याचे ठिकाण, एक बसण्याचे ठिकाण आणि एक खाण्याचे. याहून अधिक घेऊ नये.

पहिला दिवस भायखळ्याचा. ज्याला आपण आजही राणीची बाग म्हणतो ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान १८६२ साली लोकांसाठी खुले झाले. तेथील वृक्षच पाहण्यासारखे आहेत. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा, कैलासपतीची खोडालाच लगडलेली फुले, आणि योग्य ऋतूत गेल्यास उर्वशीचे झुबके. नातवंडे बरोबर असतील तर ती पेंग्विनकडे धावतील. आपण बाकावर बसावे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी बाग पाहावी आणि उन्हे तापली की आवारातल्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरावे. हे संग्रहालय २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने सुरू झाले आणि १९७५ मध्ये त्याला ज्यांचे नाव मिळाले ते भाऊ दाजी स्वतः वैद्यकाचे उपासक होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते विद्यार्थी. गरिबांना विनामूल्य औषध देणारे आणि कुष्ठरोगावरील उपचारांचा शोध घेणारे.

आत मुंबईतील नाना जातिजमातींच्या, व्यवसायांच्या लहान मृण्मय प्रतिकृती आहेत, जुने नकाशे आहेत. येथे घाई करू नये. सारे संग्रहालय पाहण्याचा अट्टहास सोडून तीन काचपेट्या निवडाव्यात आणि आजोबांना विचारावे, "यातले तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिले आहे?" पगड्या, भांडी, नावा यांवरून ज्या आठवणी निघतील त्या पाटीवर लिहिलेल्या नसतात. बाहेर निघताना काळ्या पाषाणाचा हत्ती दाखवावा. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' हे नाव दिले ते याच हत्तीवरून. त्याला इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो उचलताना कोसळून फुटला. पुढे त्याचे तुकडे येथे आणून सांधले गेले. संग्रहालय आणि बाग दोन्ही बुधवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

परतताना वाहन लालबागकडून न्यावे. फेब्रुवारी ते मे या काळात लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरच्यांचे ढीग लागलेले असतात. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. कोणती रंगाला, कोणती तिखटाला, धणे किती, दगडफूल किती, हे ज्या आजीने चाळीस वर्षे ठरवले तिला दुकानासमोर स्टुलावर बसवून पुन्हा ठरवू द्यावे. तिचे हात थरथरत असतील, पण मिरची मोडून वास घेण्याचे ज्ञान गेलेले नसते. मात्र दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी मिरच्या भाजण्याच्या आणि डंखावर कुटण्याच्या जागेपासून दूर राहावे. तो खाट श्वासाला सोसत नाही. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत अशक्त माणसाला घेऊन या भागात येण्याचा बेत करू नये.

लालबाग-परळच्या अनेक घरांत गिरणीत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने त्या आयुष्याचा जो शेवट केला, त्याविषयी ती फारशी बोलत नाहीत. जिथे चिमणी होती तिथे आता काचेची इमारत दिसेल. तेथून जाताना माणूस गप्प झाला तर त्याला बोलते करण्याची घाई करू नये. आणि तो बोलू लागला, साचेखात्यातला आवाज, भोंग्याची वेळ, डब्याची अदलाबदल सांगू लागला, तर मोबाइल बाजूला ठेवून ऐकावे. डोळे पाणावले म्हणून फेरी फसली असे समजू नये.

दुसरा दिवस गिरगावचा. गावदेवीतील लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम असे. रस्ता सावलीचा आणि तुलनेने शांत आहे. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. वर जाण्यासाठी जिना चढावा लागतो. गुडघ्यांना जिना मानवत नसेल तर खाली बसून छायाचित्रे पाहावीत. वर जाणाऱ्यांनी येऊन सांगावे. "एवढे आलो आहोत तर चढाच," हे वाक्य सहलीत कोणीही उच्चारू नये.

उन्हे उतरल्यावर चौपाटी. लोकमान्य टिळकांवर १ ऑगस्ट १९२० रोजी जेथे अंत्यसंस्कार झाले, तेथे त्यांचा पुतळा आहे. काठी किंवा वॉकर घेऊन वाळूत उतरू नये. वाळूत काठीला आधार मिळत नाही आणि तोल जातो. कडेच्या पदपथावर बसूनही समुद्र तेवढाच दिसतो. ज्यांचे बालपण गिरगावच्या चाळींत गेले त्यांना वाटेवर एखादी गल्ली दाखवायची असते. केशवजी नाईकांची चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. खोताच्या वाडीतील लाकडी सज्ज्यांची घरे. त्या गल्ल्या अरुंद आहेत, मधूनच दुचाकी येते. म्हणून बरोबरच्याने रस्त्याच्या बाजूने चालावे आणि ज्येष्ठाला भिंतीकडे ठेवावे. घर नाहीसे झालेले असेल, तर तेही पाहून यावे.

तिसरा दिवस दादरचा, आणि सर्वांत सोपा. शिवाजी पार्क हे मैदान महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केले आणि १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. भोवतीचा कट्टा हा वृद्धांसाठी वरदानच आहे. पूर्ण फेरी एका किलोमीटरहून थोडी अधिक होते, पण बसण्याची जागा पावलोपावली आहे. पहिल्या दिवशी पाव फेरी चालावी, पाच मिनिटे बसावे, परत यावे. पुढच्या आठवड्यात थोडे अधिक. मैदानात मुलांचे क्रिकेट चालू असते, उद्यान गणेशाचे देऊळ जवळ आहे, ओळखीचा एखादा चेहरा भेटतोच. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांची दाटी असते. अशक्त माणसाची फेरी त्या दिवसांत ठेवू नये.

पावसाळ्यात मात्र बाग आणि कट्टा बाजूला ठेवून फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय निवडावे. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडण्यापूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, या इमारतीत लष्करी रुग्णालय चालवले गेले होते. परळकरांनी तेथे एक गोष्ट आवर्जून शोधावी. परळ-शिवडी रस्त्याचे काम चालू असताना १९३१ मध्ये सापडलेले भव्य शिवशिल्प आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे. त्याचा साचा घेऊन केलेली प्रतिकृती या संग्रहालयात आहे. आपल्या मोहल्ल्यातला देव संग्रहालयात भेटला की माणूस तिथे परका राहत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते आणि दादर, गिरगाव, हुतात्मा चौक ही स्थानके तिच्यावर आहेत. स्थानकांत उद्वाहने आहेत, त्यामुळे लोकलच्या पुलांचे जिने टळतात. सकाळ-सायंकाळची गर्दीची वेळ तेवढी टाळावी.

आता खाण्याविषयी. पथ्य म्हणून घरूनच पोळी-भाजीचा डबा न्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु फेरीचा अर्धा आनंद जुन्या उपाहारगृहाच्या टेबलाशी असतो. गिरगावात पणशीकर किंवा विनय हेल्थ होम, दादरला प्रकाश किंवा आस्वाद. लग्नानंतर पहिल्यांदा दोघांनी बाहेर काय खाल्ले होते, हे अशा ठिकाणी आठवते. पथ्य मोडू नये, ते वाटून घ्यावे. साबुदाणा वडा आणि पियूष दोन्ही रक्तातील साखर झपाट्याने वाढवतात. मधुमेह्याने वड्याचा एक तुकडा आणि पियूषचे दोन घोट घ्यावेत, पोट थालीपिठाने किंवा डाळिंबीच्या उसळीने भरावे. रक्तदाब असलेल्यांनी लोणचे-पापड आणि फरसाण सोडावे. मिसळ मागवायचीच तर कट वेगळा मागवावा. कवळी असलेल्यांना किंवा गिळताना ठसका लागणाऱ्यांना मऊ पदार्थ द्यावेत आणि खाताना त्यांच्याशी गप्पा मारू नयेत. उघड्यावरच्या चटण्या आणि बर्फ दोन्ही टाळणे बरे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची जेवणाची वेळ टळली तर साखर धोकादायकरीत्या उतरते. म्हणून औषध घेऊन रिकाम्या पोटी रांगेत उभे राहू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज बाळगावे.

एका अडचणीविषयी घरात कोणी उघड बोलत नाही, पण अनेक ज्येष्ठ केवळ तिच्यामुळे बाहेर पडणे सोडतात. ती म्हणजे लघवीची. मग ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात चक्कर येऊन पडतात. यावर उपाय आहेत. संग्रहालयात शिरताच आणि उपाहारगृहात बसण्यापूर्वी स्वच्छतागृह कोठे आहे ते बरोबरच्याने स्वतः पाहून यावे. ज्येष्ठाला चारचौघांत विचारायला लावू नये. गरज असेल तर प्रौढांसाठीचे डायपर वापरण्यात लाज नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर फेरीच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये.

उरलेली तयारी थोडी आहे. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे; काठीच्या टोकाचे रबर झिजलेले नाही ना ते पाहणे; पाणी, छत्री, चष्मा, दुपारची औषधे. खिशात एक कागद: नाव, घरच्यांचा दूरध्वनी, आजार आणि औषधांची नावे. बसल्यावर झटकन उठू नये, मिनिटभर थांबून मग पाऊल टाकावे. छातीत दुखणे, धाप, घाम, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांतले काहीही झाल्यास सहल तेथेच संपली. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अलीकडे पडणे, हृदयविकार किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिल्या फेरीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी परिचित आणि शांत जागा निवडावी आणि हात सोडू नये. जुन्या आठवणी बहुधा नव्यांपेक्षा अधिक काळ टिकतात, म्हणून लहानपणीचा रस्ता तिला ओळखीचा वाटू शकतो. पण गोंगाटाने ती बावरली तर लगेच परतावे.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. "पडलात तर?" हा तुमचा प्रश्न खोटा नाही. मोडलेल्या हाडाची रात्र रुग्णालयात तुम्हीच जागवली आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर रजा तुम्हालाच काढावी लागणार आहे. म्हणून फेरी लहान ठेवा, वाहन दारापर्यंत न्या, बरोबर दुसरे कोणी असू द्या. पण निर्णय दोघांचा असू द्या. कोठे जायचे ते त्यांनी सांगावे, किती वेळ ते तुम्ही. त्यांची चाल तीच फेरीची चाल. तुम्ही दोन पावले पुढे जाऊन वळून पाहत उभे राहिलात, की त्यांना आपण ओझे झालो असे वाटते. बाजूने चाललात तर वाटत नाही.

ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही, त्यांच्यासाठीही या फेऱ्यांतून काही आणता येते. लालबागहून ताजा कुटलेला मसाला आणा आणि पुडी त्यांच्या उशाशी उघडा. शिवाजी पार्कचे छायाचित्र दाखवा आणि विचारा, "तुम्ही कोणत्या बाजूला बसत होता?" उत्तर यायला वेळ लागेल, थांबा.

येत्या पंधरवड्यात एक सकाळ ठरवा. बुधवार सोडून कोणतीही. आदल्या रात्री जेवताना घरातील ज्येष्ठांना विचारा, "उद्या आम्हाला कुठे नेता?"